एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग काय करतो?

सोलापूर,
जूनचा पहिला आठवडा

प्रिय बाई,

नाव लिहीत नाही, कारण वस्तीवर तुला नावानं कोणी हाक मारणार नाही. पोरं ‘मॅडम’ म्हणतील, म्हाताऱ्या ‘बाई’ म्हणतील. दोन्हींची सवय करून घे.

नेमणूक करमाळा तालुक्यात मिळाली, म्हणजे जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला, उजनी धरणाच्या फुगवट्याकडं. शाळा पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्यानं ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, तेव्हा तिसऱ्याची वाट बघू नकोस. तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना १६,००० रुपयांच्या मानधनात काढायची आहेत, हे तुला ठाऊक आहेच.

तू विचारलंस की मुलांना प्रेरणा देणारी शिक्षिका व्हायचं तर काय वाचू, कुठलं प्रशिक्षण करू. ते सगळं दिवाळीनंतर बघू. द्विशिक्षकी शाळेत पहिला प्रश्न वेगळाच असतो: तू पहिलीला शिकवत असताना त्याच खोलीत बसलेली दुसरी काय करते? याचं उत्तर ज्या शाळेत चांगलं सापडलंय, तिथली पोरं वाचतात. जिथं सापडलेलं नाही, तिथं शिक्षक कितीही हौशी असू दे, अर्धा वर्ग रोज अर्धा दिवस नुसता बसून असतो.

तुझ्याकडं पहिली-दुसरीच येणार. नव्या माणसाच्या गळ्यात पहिली बांधायची रीत आहे. रीत चुकीची आहे, शाळेतला सर्वांत मुरलेला माणूस पहिलीला हवा, पण त्यावरून मुख्याध्यापकांशी पहिल्याच आठवड्यात वाद घालू नकोस.

४० मिनिटांची तासिका धर. पहिली पाच मिनिटं दुसरीला काम लावण्यात जातील, पुढची पंधरा पहिलीबरोबर, मग पाच मिनिटं दुसरीचं झालेलं काम नजरेखालून घालण्यात, आणि उरलेली पंधरा दुसरीबरोबर. कागदावर हे सोपं दिसतं. अडचण अशी की पहिलीचं पोर जूनमध्ये दहा मिनिटांच्या वर एकटं कामात राहत नाही. अकराव्या मिनिटाला कोणीतरी कोणाची पाटी ओढतं. म्हणून जून-जुलैत ती शेवटची पंधरा मिनिटं सलग वापरू नकोस. सात मिनिटं दुसरीशी बोल, उठून पहिलीत एक चक्कर मार, परत ये. ऑगस्टपर्यंत मुलं बसायला शिकतात.

एकट्यानं करायला दिलेलं काम कसं असावं? आज शिकवलेलं कधीही देऊ नकोस, गेल्या आठवड्यात पक्कं झालेलं दे. नाहीतर दर मिनिटाला ‘मॅडम, हे कसं करायचं’ म्हणत पोर तुझ्या पदराशी येईल आणि पहिलीचा धडा तुटेल. काम बरोबर आलं की नाही हे पोराला स्वतःला तपासता यायला हवं. आणि लवकर संपवणाऱ्यासाठी पुढचं काहीतरी हाताशी हवं. सर्वांत वाईट काम म्हणजे ‘फळ्यावरचं वहीत उतरवा’. वर्ग शांत दिसतो, साहेब आले तरी छान दिसतं. पण न वाचता येणारं पोर अक्षरं चित्रासारखी उतरवतं. वही भरते, सुंदर अक्षर येतं, आणि आपलं काय चुकतंय हे वर्षभर कळत नाही.

त्यापेक्षा चिठ्ठ्यांचा डबा कर. गावात लग्नपत्रिकांना तोटा नसतो, त्यांच्या कोऱ्या पाठीचे चौकोन काप. प्रत्येकावर एक काम लिही: ‘वर्गातल्या पाच वस्तूंची नावं लिही’, ‘४३ चिंचोके मोज, दहा-दहाचे ढीग कर’, ‘का, मा, ना या अक्षरांनी सुरू होणारे दोन-दोन शब्द लिही’. जिथं उत्तर एकच आहे तिथं ते मागं लिही. दोनशे चिठ्ठ्या झाल्या की वर्षभर पुरतात, फक्त वरून चिकटपट्टी लाव, नाहीतर पावसाळ्यातच लगदा होतो. गटप्रमुख दर सोमवारी बदल. हुशार पोरालाच कायम प्रमुख केलंस तर ते सगळ्यांना उत्तरं सांगून मोकळं होतं, आणि बाकीच्यांचं डोकं सुट्टीवर जातं.

पण कोणाला कोणतं काम द्यायचं हे कळायला मूल कुठं आहे ते माहीत हवं. इयत्तेवरून ते कळत नाही. पहिल्या पंधरवड्यात सगळ्या ३१ मुलांचं वाचन तपास, तिसरी-चौथीचंसुद्धा. मुख्याध्यापकांना विचारून घे. ते बहुधा हो म्हणतील, कारण त्यांचाच कागद तयार होतो. एका मुलाला चार मिनिटं लागतात, म्हणजे सगळे मिळून दोन तास. रोज अर्धा तास धरलास तर चार दिवसांत उरकतं. वर्गात सगळ्यांसमोर नको, व्हरांड्यात किंवा लिंबाखाली एकेकाला बोलव. आधी चार सोप्या वाक्यांचा उतारा दे, पाठ्यपुस्तकातला नव्हे. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या किंवा शब्द तोडत अडखळला तर सुटे शब्द दे. पाचांतले चार आले तर तो शब्द स्तर. नाही आले तर अक्षरं दाखव. पाचांतली चार आली तर अक्षर स्तर, तीही नाही तर प्रारंभिक. उतारा सहज वाचणाऱ्याला गोष्ट दे. ती आली तर गोष्ट स्तर, नाही तर उतारा स्तर.

तपासताना दुरुस्त करू नकोस. मान हलवू नकोस, ‘अं?’ सुद्धा करू नकोस, पोरं तुझ्या चेहऱ्यावरून वाचतात. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं तर ती चूक धरू नकोस. घरी तसंच बोलतात, वाचलं मात्र बरोबर आहे. पारधी वस्तीवरचं किंवा तांड्यावरचं पोर असेल तर मराठी त्याची घरची भाषाच नसेल. ते गप्प राहिलं म्हणजे येत नाही असं समजू नकोस. आधी दोन मिनिटं त्याच्या शेळीबद्दल बोल.

फसवणारी एक गोष्ट सांगतो. दुसरीतलं एखादं पोर पुस्तकाचं पान धडाधडा वाचून दाखवेल. त्याला थांबव, पानाच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेव आणि हा कोणता म्हणून विचार. ते मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून म्हणत म्हणत तिथपर्यंत आलं, तर पान पाठ आहे, वाचन नाही. अशी पोरं दर वर्गात असतात आणि चौथीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाहीत, कारण ती कधी अडखळत नाहीत.

निकाल एकाच कागदावर मांड: उभे स्तर, आडवी नावं, तारीख. तो भिंतीवर लावू नकोस, पोरं एकमेकांना ‘अक्षरवाला’ म्हणून चिडवायला लागतात. सहा आठवड्यांनी परत तपास.

आता अक्षरांचं. क, ख, ग, घ या क्रमानं जाऊ नकोस, ‘ङ’पर्यंत पोचूनही एक शब्द हाती लागत नाही. ज्यांतून शब्द निघतात अशी अक्षरं आधी घे. क, म, ल, र, न आणि काना एवढ्यावर मका, रान, नाला, माल, कान, नाक, काका, कमल होतात. तिसऱ्या आठवड्यात पोर ‘काका मका’ वाचतं आणि घरी जाऊन सांगतं की मला वाचता येतं. त्याच्या काकाला ते खरं वाटत नाही, तो विषय वेगळा.

गोंधळाच्या जोड्या तुला भेटतीलच. पोर ‘घर’ला ‘धर’ म्हणेल, ‘भात’ला ‘मात’, ‘थाळी’ला ‘याळी’. तिन्हींचं कारण एकच आहे. थ, ध, भ या तिघांच्या डोक्यावरची शिरोरेघ तुटकी असते, य, घ, म यांची सलग. हे पोराला बोटानं फिरवून दाखव: ‘घ’वर बोट रेघेवरून सरळ जातं, ‘ध’वर मध्येच खड्डा लागतो. मातीत कोरून, डोळे मिटून फिरवायला सांग. जोडीतली दोन्ही अक्षरं एका दिवशी शिकवू नकोस. एक पक्कं झाल्यावर आठ-दहा दिवसांनी दुसरं आण, आणि मगच दोन्ही शेजारी ठेव. आणि फळ्यावर घाईत शिरोरेघ न देता लिहायची तुझी सवय असेल तर ती आजपासून सोड. तुझ्यासाठी वाचलेला एक सेकंद पोराच्या दृष्टीनं ‘घ’ आणि ‘ध’मधली मुख्य खूणच पुसून टाकतो.

बाजारातले तयार तक्ते घेताना ‘ल’ आणि ‘श’ बघून घे. बरेचदा ते हिंदी वळणाचे असतात, मोबाईलवरच्या टंकातही तेच. पुस्तकात एक ‘ल’, भिंतीवर दुसरा, मग पोर विचारतं की हे कुठलं नवीन अक्षर. तक्ता स्वतः लिहिलेला बरा.

गणितात मराठीनंच एक खोडी करून ठेवली आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, म्हणून पोर ५२ लिहितं. ‘एकोणतीस’ ऐकलं की तीस कानात राहतं आणि वहीत ३९ उमटतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, त्यांनाही बरंच ऐकून घ्यावं लागलं. माझं मत विचारशील तर दोन्ही वापर. आधी ‘वीस पाच’ म्हणून लिहू दे, मग ‘यालाच पंचवीस म्हणतात’ सांग. बाजारात पंचवीसच चालतं, ते सुटायला नको.

सगळं हातानं करून घे. तुरीच्या वाळल्या काड्या सारख्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांध. सुट्या म्हणून वेगळ्या काड्या ठेव. एका पोरामागं नऊ गठ्ठे आणि वीस सुट्या पुरतात, गट केलास तर चौघांत एक संच भागतो. वजाबाकीत ४२ मधून १७ काढायला दिले की हमखास ३५ येतं. पोरानं दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवलेले असतात. फुली मारू नकोस. त्याच्यासमोर चार गठ्ठे आणि दोन काड्या ठेव आणि म्हण, मला सात काड्या दे. ते दोन देतं. आणखी पाच कुठून आणशील? थोडा वेळ जाऊ दे, तू बोलू नकोस. ते गठ्ठ्याकडं बघतं, तुझ्याकडं बघतं, आणि रबर काढू का म्हणून विचारतं. त्या रबर काढण्यालाच आपण ‘हातचा घेणे’ म्हणतो. तो शब्द त्यानंतर सांग, आधी नाही. गठ्ठे एकदा दाखवून कपाटात ठेवलेस तर उपयोग नाही, महिनाभर रोज हातात हवेत.

सहलीला लांब जायची गरज नाही. करमाळ्याला कमलाभवानीच्या देवळाजवळ शहाण्णव पायऱ्यांची विहीर आहे. शंभराला चार कमी, त्या पायऱ्या पोरांना मोजू दे. प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येईल, आणि का वेगळा आला यावर अख्खा तास निघेल. काठाला मात्र मोठं माणूस उभं कर.

मुख्याध्यापक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा कागद घेऊन पंचायत समितीत जातील. त्या दिवशी चारही वर्ग तुझ्या एकटीवर. असे दिवस महिन्यातून किती येतील ते तूच मोज, मला सांगायला नको. त्यांची तयारी आधीच असू दे. इयत्ता विसर आणि स्तरानं गट कर, तुझा तो कागद इथं कामाला येतो. पहिला तास सगळ्यांना एकच गोष्ट मोठ्यानं वाचून दाखव. मग गोष्ट स्तरवाली ती लिहून काढतील, उतारावाली आणि शब्दवाली तिच्यातले दहा शब्द, अक्षरवाली चित्र आणि खाली नावं. प्रारंभिकवाल्यांना घेऊन तू बस. चौथीच्या पोरांना पहिलीची राखण करायला लावू नकोस, त्यांचाही तो शाळेचाच दिवस आहे.

दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की पट हलतो. काही घरं ऊसतोडीला कोयता घेऊन बाहेर जातात, आणि तुझ्या शिवारात दुसरीकडच्या टोळ्या येऊन कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालतात. जाणाऱ्या पोराला तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दे, आणि त्यासोबत एका चिठ्ठीवर त्याचा स्तर आणि येणारी अक्षरं लिहून दे. नुसत्या कार्डावरून तिथल्या गुरुजींना काही कळत नाही. येणाऱ्याला दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, कायदाच तसा आहे. वयाप्रमाणं वर्गात घे. कोपीवर दुपारी जाऊन उपयोग नाही, सगळे फडात असतात, संध्याकाळी चुली पेटल्यावर जा. टोळीच्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेव, टोळी हलली की त्यालाच आधी कळतं. सात-आठ वर्षांची पोरगी येत नाही याचं कारण बहुतेक वेळा तिच्या कडेवर असतं. धाकट्याला घेऊन ये म्हणून सांग, आणि त्याला शेजारच्या अंगणवाडीत बसवता येतं का ते ताईंशी आधी बोलून ठेव.

पोषण आहाराचं थोडक्यात. दर मुलामागं तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५. म्हणजे २८ हजर असतील तर २ किलो ८०० ग्रॅम तांदूळ आणि ५६० ग्रॅम डाळ. घोळ होतो तो हजेरी आणि तांदूळ वेगवेगळ्या वेळी लिहिल्यानं. प्रत्यक्ष डोकी मोज, मग तांदूळ काढ, लगेच नोंद कर. पोती आली की वजन करूनच सही दे, काटा शाळेत नसेल तर दुकानातून मागून आण. मुलांच्या आधी चव घ्यायची, आणि चव रजिस्टरात महिन्याभराच्या सह्या एकदम करायच्या नाहीत. बाकीचे कागद केंद्रप्रमुख शिकवतील.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. कागदावर असतात, बैठकीला मात्र त्यांच्या जागी नवरे येऊन बसतात. बैठक संध्याकाळी धारा काढून झाल्यावर ठेव, बायका येतील. पहिल्या बैठकीत वर्गणीचं नाव काढू नकोस. त्याऐवजी प्रत्येक पोराला आपल्या आईजवळ बसून एक पान वाचून दाखवायला लाव. ज्याला वाचता येत नाही त्याला चित्रावरून गोष्ट सांगू दे, कोणाला वगळू नकोस. गावात दोन गट असतातच. एकाच गटाकडून पंखा घेतलास तर पंखा चालेल, समिती बंद पडेल.

तुला सगळे परितेवाडीची आठवण करून देतील. माढा तालुक्यातली ती जिल्हा परिषदेची शाळा, तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० सालचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. त्यांचे पुस्तकातल्या धड्यांना जोडलेले क्यूआर कोड बघून लोक तुलाही विचारतील, मॅडम तुमचं काय नवीन? घाई करू नकोस. कोडमुळं मुलाला धडा, कविता घरी पुन्हा ऐकता येते, वर्गात चुकलेला भाग भरून काढता येतो. तुझ्या वस्तीवर पोरांचं नेमकं काय चुकतंय ते तुझ्या कागदावर दिसल्याशिवाय त्यावरचा उपाय शोधण्यात अर्थ नाही. कदाचित तुझ्याकडचा उपाय लग्नपत्रिकेच्या चिठ्ठ्याच असेल, आणि त्याचे फोटो काही फार चांगले येणार नाहीत.

पहिल्या तपासणीचा कागद झाला की फोटो पाठव. नावं झाकून पाठव, नुसते आकडे पुरे.

तुझे,
गुरुजी

ता. क. स्कूटी नेणार असशील तर पावसाळ्यात डांबरी रस्त्यावरच्या ओळखीच्या घरी लाव आणि पुढं चालत जा. काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये बसते, चाक फिरायचं थांबतं, आणि ती काढायला काडी शोधण्यात परिपाठ निघून जातो. शाळेची दुसरी किल्ली बहुधा स्वयंपाकाच्या ताईंकडे असते, पहिल्या दिवशीच विचारून घे.